मुरगळलेला पाय नुसत्या दुखण्यावर मोजू नका

टेक्सासच्या फ्रिस्कोतल्या पोरांनो, इथली माती आपल्या मराठवाड्यासारखीच काळी, चिकण. ऑगस्टात ती भेगाळते आणि टेनिस बॉलवर क्रिकेट खेळताना तुमचा पाय नेमका भेगेत मुरगळतो. ‘हाड मोडलं नाही ना, मग काही नाही’ म्हणत सोमवारी तुम्ही ऑफिसात हजर! हे मला अजिबात पटत नाही.

लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा. पहिल्या दर्जाच्या लचकीत तो ताणला जातो, दुसऱ्यात अर्धवट फाटतो, तिसऱ्यात पार तुटतो. आणि पार तुटलेला कधीकधी अर्धवट फाटलेल्यापेक्षा कमी दुखतो. म्हणून ‘किती दुखतंय?’ एवढंच विचारून थांबू नका. पायावर भार पडतो का ते बघा. लंगडत का होईना, चार पावलं टाकता आली नाहीत तर सरळ एक्स-रे काढायला जा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड टोकापासून ६ सेंटीमीटर वरपर्यंत बोटाने दाबा, पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध लागणारा उंचवटाही दाबा. हाडावरच कळ आली, तरी एक्स-रे हवाच. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेले हे नियम आज जगभर वापरतात.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मात्र नाचू नका, त्यात लिगामेंट दिसत नाही. सूज उतरल्यावरही चालताना घोटा दगा देत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

गुडघ्याला तर जास्तच जपा. २०२३च्या सप्टेंबरात इथल्याच ‘द स्टार’ सराव केंद्रात काउबॉइज फुटबॉल संघाच्या ट्रेव्हन डिग्जचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं एक लिगामेंट, सरावात फाटलं, अख्खा मोसम गेला. गुडघ्यात ‘कट्’ आवाज झाला आणि काही तासांत तो टम्म सुजला, तर आत रक्त साचलंय असं समजा. सकाळपर्यंत थांबू नका.

आईने पाठवलेली आंबेहळद लावायची तर लावा, पण पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. साधी लचक दोनेक आठवड्यांत बरी होते, तुटलेल्या पट्ट्याला काही महिने लागतात. दुखणं थांबलं की लगेच मैदानात उतरू नका. आधी रोज दात घासताना त्याच पायावर उभे राहा, बेसिनला हात न लावता. अर्धा मिनिट तोल राहिला नाही, तर त्या रविवारी स्कोअर लिहायला बसा.