सर्पिल दीर्घिकेच्या भुजा छायाचित्रात कशा उतरतात?

प्रश्न : आठ इंची दुर्बिणीतून 'एम ५१' दीर्घिका नुसता धूसर डाग दिसते, तिच्या भुजा छायाचित्रात कशा आणाव्यात?

उत्तर : मरीची ताऱ्याजवळ, श्यामशबल तारकासमूहात असलेल्या या दीर्घिकेचा प्रकाश विस्तृत क्षेत्रावर पसरलेला असल्याने तिची पृष्ठदीप्ती, म्हणजे आकाशाच्या एकेका लहान तुकड्यातून येणारा प्रकाश, अत्यल्प असते. लॉर्ड रॉस यांना १८४५ मध्ये तिची सर्पिल रचना प्रथम दिसली ती ७२ इंची आरशातून. डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही, कॅमेऱ्याला येतो, आणि लहान दुर्बिणीची सारी मदार त्यावरच असते.

त्यासाठी पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरून ताऱ्यांचा मागोवा घेणारी विषुववृत्तीय बैठक अपरिहार्य ठरते. दुर्बिणीपेक्षा बैठकीवर अधिक खर्च करणे शहाणपणाचे. महाराष्ट्रात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १६ ते २२ अंश उंच असल्याने ही बैठक ध्रुवताऱ्याच्या रोखाने जुळवताना उत्तरेकडील इमारती आड येतात, ही येथील खास अडचण होय.

एकाच दीर्घ उद्भासनाऐवजी, म्हणजे संवेदकावर सलग प्रकाश पडू देण्याऐवजी, एक-दोन मिनिटांची अनेक छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकमेकांवर जुळवून त्यांची सरासरी काढली असता दीर्घिकेचा प्रकाश कायम राहतो, तर यादृच्छिक गोंगाट, म्हणजे छायाचित्रातील अनियमित ठिपके, छायाचित्रांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटतो. १६ छायाचित्रांत तो एक चतुर्थांश उरतो. दुर्बिणीवर झाकण लावून तितक्याच अवधीची घेतलेली काळी छायाचित्रे वजा केल्यास संवेदकाचे स्थिर दोषही जातात. एप्रिल-मे महिन्यांतील चंद्रविरहित रात्री यास सर्वांत अनुकूल.