ओळंबा

धारला माहेरच्या वाड्याची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बाहेर झुकली. मिस्त्रीने वरून ओळंबा सोडला, तर तळाशी दोरी भिंतीपासून चार बोटं लांब. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. मला हसूच आलं. माझंही नेमकं हेच झालं होतं, फक्त ते कळायला दोन वर्षं गेली.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कण्याचा बाक वाढला म्हणून एका मोठ्या शहरात ऑपरेशन झालं. स्क्रू, दोन सळ्या, मणके एकमेकांना जोडलेले. बाक ५८ अंशांवरून २६ वर आला. समोरून पाहिलं तर मी सरळ होते. बाजूने कोणी पाहिलंच नाही.

सकाळी बरं असायचं. अकरा वाजेपर्यंत एक कोपर ओट्यावर टेकवल्याशिवाय पोळी लाटता येईना. चालताना नजर जमिनीवर. समोरचा माणूस दिसायला गुडघे वाकवावे लागत. "वहिनी, पोक काढू नका," असं जो तो सांगे, जणू मी हौसेने वाकत होते. ऑपरेशन केलं तिथेही "ताठ राहायची सवय करा" एवढंच उत्तर मिळालं. आमच्या देवासात आजाराची गोष्ट निघाली की गायक कुमार गंधर्वांचं उदाहरण हमखास येतं: १९४८ साली क्षय घेऊन इथे आले, वर्षानुवर्षं गाणं बंद होतं, तरी पुन्हा गायले. मनाची जिद्द! त्यांना क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिनही मिळालं होतं, हे सांगायला मात्र लोक विसरतात.

चूक माझीही होती. देवासात दोनदा एक्स-रे काढला, आडवं झोपवून, फक्त कमरेचा. मी विचारायचे, "स्क्रू हलले का?" उत्तर यायचं, "नाही." ते खरंच होतं. शेवटी इंदूरच्या एका मणकातज्ज्ञांनी उभं करून, गुडघे सरळ ठेवून, मानेपासून खुब्यांपर्यंतचा बाजूने एक्स-रे काढायला लावला. मानेच्या सातव्या मणक्यातून त्यांनी सरळ खाली रेघ ओढली. ती कमरेखालच्या त्रिकास्थीच्या मागच्या वरच्या कोपऱ्याजवळ पडायला हवी. पाच सेंटिमीटरहून जास्त पुढे गेली तर तोल बिघडला असं धरतात. माझी नऊ सेंटिमीटर पुढे होती. मणके जोडताना कमरेचं नैसर्गिक खोलगट वळणच सपाट झालं होतं. १९६० नंतर हॅरिंग्टन यांच्या सळीने कणा ताणून सरळ करत, तेव्हापासून हा त्रास डॉक्टरांना ठाऊक आहे. मला तो आधी कोणी सांगितला नव्हता.

पण वाकणारी प्रत्येक पाठ माझ्यासारखी नसते. कुणाचा सर्वांत वरच्या स्क्रूच्या वरचा भाग पुढे कलतो, कुणाचे मणके जुळलेलेच नसतात आणि सळी तुटते, कुणाचे खुब्याचे स्नायू आखडलेले असतात. म्हणून कारण कळण्याआधी पट्टा किंवा व्यायाम सुरू करू नका. पायातली ताकद कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा जखमेतून पाणी येऊन ताप आला, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि कागद! ऑपरेशनची नोंद, स्क्रू-सळ्यांचं स्टिकर, आधीच्या फिल्म हे सगळं मागून घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. त्या जपून ठेवायचं बंधन मात्र तीनच वर्षांचं आहे. मी अर्ज केला तेव्हा तीन वर्षं व्हायला पाच महिने उरले होते.

आता हाडाची पाचर काढून कमरेला पुन्हा वळण देण्याचं ऑपरेशन सुचवलंय. ते पहिल्यापेक्षा मोठं, रक्त जास्त जाणारं. त्याआधी हाडांची घनता तपासायची आहे. पुढच्या आठवड्यात दुसरं मत घ्यायला पुण्याला निघते आहे. डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांत पहिला लिहिलाय: दोरी कुठे पडेल?