ठाण्यातला कागद

माहितीच्या अधिकाराचा कायदा आम्ही राज्यशास्त्राच्या पेपरात शिकलो. पाच गुणांची टीप असते. १२ ऑक्टोबर २००५ पासून कायदा पूर्णपणे लागू झाला. गोव्यात १९९७ चा, तर महाराष्ट्रात २००२ चा स्वतःचा कायदा त्याआधी होता. दोन फायदे, दोन मर्यादा लिहिल्या की काम भागते. मीही तशीच टीप लिहून गुण मिळवले. पण त्या टिपेत नसलेल्या गोष्टी मला मामांच्या पाण्याच्या मोटारीने शिकवल्या. त्या मांडाव्यात म्हणून हा लेख.

२०२३ च्या जानेवारीत मामांच्या विहिरीवरची मोटार रातोरात चोरीस गेली. गहू पोटरीत आला होता. मामांनी दुसऱ्याच दिवशी ठाण्यात लेखी अर्ज दिला. पोच मागायची असते हे त्यांना ठाऊक नव्हते आणि ती कोणी दिलीही नाही. पुढे चार महिने ते खेटे घालीत राहिले. शेवटी एक हवालदार म्हणाले, "बाबा, असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही." मोटार गेल्याचे दुःख मामांनी गिळले होते, पण चार माणसांत आपण खोटे ठरलो, हे काही त्यांना गिळवेना. मला म्हणाले, "तू कालेजात शिकतीस ना बाई? मग मी अर्ज दिला होता, एवढं तरी त्यांच्याकडून लिहून आण."

अर्ज मामांच्या नावाने, अक्षर माझे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि 'जोडपत्र अ'च्या नमुन्यात मनातला सगळा राग ओतला. तक्रारीवर कारवाई का झाली नाही? जबाबदार कोण? अर्ज आला नाही असे कोणत्या आधारावर सांगता? उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आले. प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही, म्हणून अर्ज निकाली काढला होता.

मला संताप आला, पण ग्रंथालयात बसून वाचल्यावर कळले की चूक माझीच होती. कायद्यात माहिती म्हणजे दप्तरी असलेली नोंद, कागद, प्रत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. दप्तरी आहे ते द्यावे. नसलेली माहिती नव्याने तयार करणे किंवा आपले मत देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. (तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थींचा हक्क याच निकालाने मान्य झाला, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?) 'का' हा प्रश्न सभेत शोभतो. ठाण्यात मात्र कागदाचे नाव घ्यावे लागते.

तेव्हा दुसरा अर्ज कागदांची नावे घेऊन केला. त्या तारखेच्या आवक नोंदवहीचे पान, त्या दिवसाच्या ठाणे दैनंदिनीतील नोंदी आणि मामांच्या अर्जावर झालेल्या चौकशीचे कागद. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः १५० शब्दांच्या आत असावा लागतो. आमचा साठ शब्दांतच आटोपला. यावेळी उत्तर आले ते असे: "तपास चालू असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही."

जो अर्ज आलाच नाही, त्याचा तपास चालू कसा? हे मामांनीच विचारले. कायदा न वाचलेल्या माणसाने!

हे ८(१)(ज) नीट समजून घेतले पाहिजे, कारण पोलिसांशी होणारे बहुतेक वाद याच्याभोवती फिरतात. तपास चालू आहे म्हणून माहिती नाकारावी, असे ते कलम म्हणत नाही. माहिती दिल्याने तपासाच्या, आरोपीला पकडण्याच्या किंवा खटल्याच्या कामात अडथळा येणार असेल, तर ती नाकारता येते, असे ते म्हणते. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात हाच भेद दाखवला. प्रकरण प्राप्तिकर खात्याच्या चौकशीचे होते, पण तत्त्व पोलिसांनाही तेच लागू पडते. तपास चालू असणे पुरेसे नाही. अडथळा कसा येईल, हे अधिकाऱ्याने कारणांसह दाखवायला हवे. शिवाय अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) ने अधिकाऱ्यावरच टाकला आहे.

दुसरा भेद दोन दैनंदिन्यांचा आहे. तपास अधिकारी लिहितो ती केस डायरी. ती आरोपीला मागता येत नाही. जुन्या फौजदारी संहितेच्या १७२ व्या कलमात तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १९२ व्या कलमातही तसेच आहे. ठाणे दैनंदिनी ही निराळी वही. तिच्यात ठाण्यात येणाऱ्या खबरींची नोंद होते. ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास प्रथम खबर नोंदवणे अनिवार्य आहे, आणि अशी प्रत्येक खबर या दैनंदिनीत उतरलीच पाहिजे. ही चोरी दखलपात्र होती. आम्हाला हवी होती ती ही दुसरी वही. ठाण्याने मात्र दोन्ही एकाच मापाने मोजल्या.

नकार मिळाल्यापासून तीस दिवसांत, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून, पहिले अपील केले. आमच्या तालुक्यात ते उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांपुढे चालते. खाकीचे अपील खाकीपुढेच, हे मला आधी विचित्र वाटले आणि अजूनही फारसे पटलेले नाही. पण सुनावणी शांतपणे झाली. ठाण्यातून आलेले फौजदार म्हणाले की त्या दिवसाच्या पानावर इतरांच्याही तक्रारी आहेत, त्यात एका महिलेची आहे. शिवाय संशयितांची नावे कोणी सांगितली, हे बाहेर गेले तर उद्या खबर द्यायला कोण येईल?

ह्यात तथ्य होते. खबर देणाऱ्याची ओळख उघड होऊ नये म्हणून ८(१)(छ) आहे, खाजगी माहितीसाठी ८(१)(ञ) आहे. २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्याने तर ह्या शेवटच्या कलमाची भाषा बदलून ते अधिकच आखडले. लोकहिताचे दार आता मुख्यतः ८(२) मधून उघडते. ठाण्यातले सगळेच लपवणे लबाडीचे असते, असे मला सुनावणीनंतर म्हणवत नाही.

मार्ग निघाला तो कलम १० मधून. न देण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यावा, असे ते कलम सांगते. साहेबांनी तसा लेखी आदेश दिला. दैनंदिनीतील मामांपुरती नोंद आणि आवक नोंदवहीचे पान, बाकीची नावे शाईने झाकून, पंधरा दिवसांत द्यावे. संशयितांविषयीचे कागद देऊ नयेत. आम्हीही त्यापुढे ताणले नाही.

येथेही मिटले नसते, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरे अपील करता आले असते. आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड अधिकाऱ्याला करू शकतो. पण तेथे अपिले दीर्घकाळ पडून राहतात. कलम १८ खाली तक्रार हा आणखी एक रस्ता आहे. अनेकजण रागाने तिकडे वळतात आणि फसतात, कारण त्या कलमाखाली आयोगाला माहिती देण्याचा आदेश देता येत नाही, असे मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ठरवले आहे. कागद हवा असेल तर अपिलाचाच रस्ता धरावा लागतो.

चार पाने मिळाली, दोन रुपये पानाप्रमाणे आठ रुपये भरून. तिसऱ्या पानावर ओळ होती: मोटार चोरीबाबत अर्ज आला, चौकशीकामी अमुक हवालदार यांचेकडे दिला. अमुक म्हणजे तेच, ज्यांनी असा अर्ज आलाच नाही म्हणून सांगितले होते. ते पान जोडून मामांनी पुन्हा लेखी तक्रार दिली आणि यावेळी पोच घेतली. गुन्हा नोंद झाला. मोटार काही सापडली नाही. मामांनी पुढच्या हंगामात सोसायटीचे कर्ज काढून दुसरी बसवली. ते पान मात्र त्यांनी सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत पेटीत ठेवले आहे, आणि आल्यागेल्या पाहुण्याला ते दाखवतात.

कोणाला असा अर्ज लिहायचा असेल, तर 'जोडपत्र अ'चे कोरे नमुने माझ्याकडे आहेत.