द्वंद्वयुद्धाची चाल व ती मोडणारे कायदे

दोन माणसांत तंटा व्हावा, शब्दाने शब्द वाढावा, एकाने दुसऱ्यास आव्हान द्यावे, आणि मग दोघांनी वेळ व जागा नेमून, शस्त्रे घेऊन एकमेकांसमोर उभे राहावे, ह्यास द्वंद्वयुद्ध म्हणतात. ह्यात न्याय कोणाकडे आहे हे ठरत नाही. जो आला त्याचा मान राहिला आणि जो आला नाही तो भेकड ठरला, एवढेच ठरते. ही युरोपातील सरदारांची चाल, तिच्याशी आपला काय संबंध, असे पुष्कळ वाचकांस वाटेल. परंतु वाकडहून सुमारे एकशे तीस किलोमीटरांवर असलेल्या अहमदनगरात, ज्यास आता अहिल्यानगर असे नाव आहे, हीच चाल एके काळी बोकाळली होती. ती कशी वाढली, निरनिराळ्या राजांनी तिच्याविरुद्ध कोणते कायदे केले, आणि त्यांपैकी कोणते लागू पडले, हे आम्ही ह्या पाठात सांगतो.

१. नगरची एकांग लढाई

अहमद निजामशहाने इ. स. १४९४ मध्ये अहमदनगर वसविण्यास आरंभ केला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी मुहंमद कासीम फिरिश्ता ह्या इतिहासकाराने दक्षिणेतील सुलतानांचा वृत्तांत लिहिला. तो स्वतः प्रथम नगरच्या दरबारी होता व पुढे विजापुरास इब्राहीम आदिलशहाच्या पदरी राहिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अहमद निजामशहास तलवारीच्या हाताची फार आवड होती. राजाची आवड ती प्रजेची आवड! तेव्हा नगरच्या पेठापेठांतून विद्येच्या शाळांच्या जागी तालीमखाने निघाले, आणि जिकडेतिकडे तलवारीवाचून दुसरी गोष्ट निघेना. मी तुझ्याहून सरस, असा वाद दोन तरुणांत झाला म्हणजे तो राजापुढे जाई, आणि राजा त्यांस आपल्यासमोर लढून निकाल लावण्यास सांगे. ह्या लढाईस फिरिश्ता ‘एकांग’ असे नाव देतो.

पाहणाऱ्यांची दाटी होऊ लागली, आणि पुढे दररोज दोनतीन माणसे मरू लागली. तेव्हा राजास किळस आली. परंतु त्याने काय केले हे वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. त्याने ही चाल बंद केली नाही. आपल्यासमोर लढू नये, दुसरीकडे नेमलेल्या जागी लढावे. दोघांच्या सोबत्यांनी मध्ये पडू नये. आणि रीतीप्रमाणे लढून जो मरेल त्याच्या रक्ताचा बदला कोणी मागू नये, असे त्याने ठरवून दिले. म्हणजे रक्त राजाच्या डोळ्यांआड झाले, थांबले मात्र नाही. उलट त्यास नियमाचे पाठबळ मिळाले, आणि ही चाल दक्षिणेतील इतर शहरांत पसरली. विद्वान, धर्मगुरू व सरदार ह्यांसही तिच्यात भूषण वाटू लागले. ज्याचा मुलगा लढण्यास कचरे त्या बापास लाज वाटे.

इ. स. १६०१ च्या सुमारास विजापूरच्या रस्त्यात घडलेली एक गोष्ट फिरिश्त्याने दिली आहे. दोन सय्यद भाऊ व तीन दक्षिणी भाऊ, सर्व पांढऱ्या दाढीचे व दरबारात ओळखीचे, ह्यांच्यात क्षुल्लक कारणावरून बोलाचाली झाली. प्रथम एका सय्यदाचा तरुण मुलगा पुढे झाला व पडला. मग बाप व चुलता पुढे झाले व तेही पडले. आणि त्यांची प्रेते उचलण्यापूर्वीच ते तिघे दक्षिणी भाऊही जखमांनी मेले. सहा माणसे गेली, आणि भांडणाचे कारण सांगण्याजोगेही नव्हते! फिरिश्ता आणखी म्हणतो की, हे लोक पायउतार होऊन तलवार चालविण्यात अद्वितीय असत, परंतु भाला व घोडदौड ह्यांचा सराव नसल्यामुळे परक्या फौजेपुढे त्यांचे फारसे चालत नसे. शेजाऱ्याशी लढण्यात ज्याची हिंमत खर्ची पडते, तो देशाच्या कामी उणा पडतो.

२. फ्रान्स देशातील कडक हुकूम

ह्याच सुमारास युरोपातही सरदारांची मुले अशीच मरत होती. ट्रेंट येथील रोमन मंडळीच्या धर्मसभेने इ. स. १५६३ मध्ये द्वंद्वयुद्ध करणाऱ्यांस मंडळीबाहेर घालण्याचा व त्यात मेलेल्यास मंडळीच्या रीतीने मूठमाती न देण्याचा ठराव केला. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री ह्याने इ. स. १६०२ व १६०९ मध्ये हुकूम काढले. परंतु एका हाताने तो शिक्षा लिही आणि दुसऱ्या हाताने माफी देई, म्हणून हुकुमाचा धाक राहिला नाही.

पुढे तेराव्या लुईचा प्रधान कार्डिनल रिशल्यू ह्याने इ. स. १६२६ मध्ये नवा हुकूम काढविला. काउंट बूतव्हिल हा मोठ्या घराण्यातील सरदार पुष्कळ द्वंद्वे लढलेला होता. तो १२ मे १६२७ रोजी पॅरिस शहराच्या भर चौकात, दिवसाढवळ्या, कायद्यास हिणविण्यासाठीच जणू लढला. त्यास व त्याच्या सोबतच्या भाऊबंदास पकडण्यात आले. मोठमोठ्यांनी रदबदली केली, तथापि २२ जून रोजी दोघांचा शिरच्छेद झाला. कायदा थोरांसही लागतो हे लोकांस दिसले. तरीदेखील चाल समूळ गेली नाही; चौदाव्या लुईस इ. स. १६७९ मध्ये पुन्हा हुकूम काढावा लागला.

३. इंग्लंडातील अनुभव

इंग्लंडात पहिल्या जेम्स राजाचा सरकारी वकील फ्रान्सिस बेकन ह्याने इ. स. १६१४ मध्ये ह्या चालीविरुद्ध खटला चालविला. त्याने मुद्दाम सामान्य दर्जाच्या दोन माणसांचा खटला निवडला. ही चाल हलक्यासलक्यांतही पसरली आहे असे दिसले, म्हणजे थोरांस तिची शरम वाटेल, असा त्याचा हिशेब होता. शिक्षेपेक्षा मानाची समजूत बदलली पाहिजे, हे त्याने ओळखले होते.

परंतु समजूत लवकर बदलली नाही. द्वंद्वात मारणे हा तेथील कायद्याने खूनच होता. पण पंच मंडळी सहसा आरोपीस दोषी ठरवीत नसे. इ. स. १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेणारा सेनापती वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन व इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला. तोच २१ मार्च १८२९ रोजी एका उमरावाशी पिस्तुले घेऊन द्वंद्वास उभा राहिला! गोळ्या बाजूने गेल्या, आणि मग त्या उमरावाने लेखी माफी मागितली. जी माफी गोळीनंतर देता आली ती गोळीपूर्वी का देता आली नाही? कारण गोळीपूर्वी माफी मागणारा भेकड ठरला असता.

ही गाठ सुटण्यास आणखी एक मरण कारण झाले. इ. स. १८४३ च्या जुलै महिन्यात कर्नल फॉसेट हा आपल्या साडूशी द्वंद्व लढून मेला. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. सरकारने त्याच्या विधवेस पेन्शन नाकारले. लोकमत खवळले, आणि इ. स. १८४४ मध्ये लष्कराच्या नियमांत नवी कलमे घालण्यात आली. ज्याने अन्याय केला त्याने तो कबूल करून भरपाई द्यावी, आणि ज्याचा अपमान झाला त्याने ती मोकळ्या मनाने स्वीकारावी, हेच अब्रूदार माणसास शोभते, असे त्यांत स्पष्ट लिहिले. ह्यानंतर थोड्याच वर्षांत तेथील ही चाल नाहीशी झाली. तलवारीपेक्षा हे कलम अधिक धारदार ठरले, कारण त्याने क्षमा मागणाऱ्यास मान दिला.

४. आपल्या देशाचा कायदा

इ. स. १८६० च्या भारतीय दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तिच्या १०१ व्या कलमात खुनाला काही अपवाद आहेत. चौथा अपवाद अचानक उद्भवलेल्या भांडणाचा आहे. पण तेथे आगाऊ संकल्प नसावा, व मारणाऱ्याने गैरफायदा घेतलेला किंवा क्रूरपणा केलेला नसावा. ज्यांनी वेळ ठरवून, हत्यारे आणून भांडण केले त्यांस ह्या अपवादाचा आसरा नाही. पाचव्या अपवादाप्रमाणे अठरा वर्षांवरील माणसाने आपल्या संमतीने मरणाचा धोका पत्करला असल्यास तो खून न होता सदोष मनुष्यवध होतो. परंतु हेतुपूर्वक केलेल्या अशा वधासही जन्मठेप, किंवा पाच ते दहा वर्षांची कैद, आणि शिवाय दंड आहे. ‘तोही लढायला तयार होता’ ही सबब माणसास सोडवीत नाही.

ह्याउलट, मरण किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नसलेला, संमतीने खेळलेला खेळ २५ व्या कलमाने गुन्हा ठरत नाही. जत्रेतील कुस्तीचा फड ह्यात येतो. तेथे पंच असतात, हत्यार नसते, आणि पडलेला मल्ल उठून जिंकणाऱ्याच्या हाताला हात लावतो. कायद्यास जोर नको आहे असे नाही. सूड नको आहे.

५. आपण काय शिकावे

मुळेकाठचे वाकड एके काळी शेतांचे गाव होते. आज तेथे उंच इमारती आहेत व गावाजवळून मुंबई-बंगळूरचा हमरस्ता जातो. तंट्याची कारणे बदलली, रीत तीच राहिली. पूर्वी बांधावरून ‘ये पुढे’ अशी हाक होई. आता गाडीला गाडी घासली की ‘उतर खाली’ अशी होते. हाक मारणारा व हाकेला जाणारा दोघेही भितात. परंतु पाहणाऱ्यांपुढे मागे सरण्याची लाज त्या भीतीहून मोठी असते.

म्हणून आमचे सांगणे लढणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांस अधिक आहे. ‘त्यांचे त्यांना निपटू द्या, कोणी मध्ये पडू नका’ असे जो वडीलधारा म्हणतो, तो निजामशहाचाच हुकूम पुन्हा सुनावतो. गावच्या पंचांनी, मंडळीच्या वडिलांनी व उपदेशकांनी मध्ये पडावे, आणि ते पहिल्या घावापूर्वी पडावे. जो प्रथम ‘माझे चुकले’ म्हणेल त्यास चारचौघांत मानाने बसवावे. त्यास हसणाऱ्यास गप्प करावे. ज्या गावात माघार घेणाऱ्याची अब्रू जात नाही, त्या गावात हत्यारास काम उरत नाही.

सभेत विचारण्याचे प्रश्न

१. अहमद निजामशहाने नियम घालूनही लढाया का थांबल्या नाहीत?

२. चौथ्या हेन्रीच्या हुकुमात व इ. स. १८४४ च्या कलमांत मुख्य भेद कोणता?

३. आपल्या गावात गेल्या वर्षभरात जे तंटे झाले, त्यांपैकी किती तंट्यांत प्रथम माफी मागणाऱ्यास आपण मान दिला?