सिरिंजमधलं मॉर्फिन किती दिवस टिकतं?

वाळूज एमआयडीसीतल्या औषध कारखान्यांमध्ये माझी बरीच वर्षं क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत गेली. आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झालं, तेव्हापासून वेदनाशामक मिश्रणांचा प्रश्न मला जास्त जवळचा वाटू लागला. मॉर्फिनच्या अँप्यूलवर मुदत छापलेली असते. पण ते फोडून सलाइनमध्ये मिसळलं, सोबत दुसरं औषध घातलं, की त्या मुदतीला अर्थ उरत नाही. नव्या मिश्रणाचा टिकाऊपणा नव्यानेच तपासावा लागतो.

१. आधी औषध मुद्दाम बिघडवा. आम्ल, अल्कली, हायड्रोजन पेरॉक्साइड, उष्णता, प्रकाश, सगळ्यांचा मारा करून साधारण ५ ते २० टक्के नास घडवायचा आणि मगच एचपीएलसीवर लावायचं. मॉर्फिनचं ऑक्सिडेशन झालं की स्यूडोमॉर्फिन तयार होतं. तपासणीत ते वेगळं दिसलं नाही, तर त्या तपासणीचा उपयोग नाही. नुसत्या यूव्हीवर मोजलं तर बिघडलेला रेणूही प्रकाश शोषतो आणि ९९ टक्के असा देखणा आकडा येतो. मुख्य पीकच्या उतारावर एखादा बारीकसा फुगवटा असतो. घाईत तो नजरेतून सुटतो, आणि नेमकं तिथेच काहीतरी लपलेलं असतं. नव्या मुलांना मी क्रोमॅटोग्राम मोठा करून बघायला लावतो, रोज.

२. रंगावरून निकाल देऊ नका. मॉर्फिनचं द्रावण पिवळसर झालं तरी औषध जवळपास पूर्ण शाबूत असू शकतं. उलट पाण्यासारखं नितळ द्रावणही घसरलेलं असू शकतं. पिवळी सिरिंज पेशंटला देऊ नये हे खरंच, पण किती औषध उरलं हे डोळा सांगू शकत नाही.

३. केटोरोलॅक आणि मॉर्फिन एका सिरिंजमध्ये भरू नका. साका बसतो.

४. आकडा वाढला तरी शंका घ्या. १०४ टक्के आले म्हणून खूश व्हायचं कारण नाही. औषध काही वाढत नसतं. प्लास्टिकमधून पाणी उडून जातं आणि द्रावण घट्ट होतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे विशेष जाणवतं. म्हणून प्रत्येक सिरिंजचं वजन पहिल्या दिवशी आणि नंतर प्रत्येक तपासणीला घ्यावं. काम दोन मिनिटांचं आहे.

५. टिकाऊपणा तपासायचं कारखान्यातलं चेंबर आणि वॉर्ड यांत फरक आहे. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने, ही कारखान्याची कसोटी. वॉर्डात तयार केलेल्या मिश्रणाला मात्र तिथल्याच तापमानात ठेवून बघायला हवं, कारण मे महिन्यात आपल्या शहरात पारा चाळिशी ओलांडतो. फ्रीज हेही सगळ्यावर उत्तर नाही. तीव्र मॉर्फिन थंडीत स्फटिक धरू शकतं.

६. रासायनिक टिकाऊपणा म्हणजे निर्जंतुकपणा नव्हे. महिनाभरानंतर औषध ९५ टक्के उरलं, याचा अर्थ सिरिंज महिनाभर वापरा असा होत नाही. रासायनिक आणि निर्जंतुकपणाच्या अशा दोन्ही तपासण्यांत जी मुदत कमी येईल, तीच लेबलवर लिहायची. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन मिळवणं सोपं केलं, तरी थेंबाथेंबाची नोंद ठेवावी लागते. साहजिकच उरलेलं टाकून द्यायला नर्सचा हात धजत नाही. त्यामुळे तयार करण्याची तारीख आणि वेळ, तीव्रता, कशात मिसळलं आणि किती वाजता टाकून द्यायचं, हे सगळं ठळक मराठीत सिरिंजवर असावं, असा माझा आग्रह आहे.