माचा : चहाची वस्त्रगाळ पूड व तिची पारख

चहा आपल्या घरीं बहुधा एकाच रूपानें येतो. काळसर भुकटी किंवा दाणे, त्यांत पाणी, दूध व साखर, क्वचित् आलें अगर वेलदोडा. सर्व एकत्र उकळून गाळलें कीं झाला चहा. म्हणून चहाची चव कशी असते असें कोणी विचारलें तर आपण जी सांगूं ती दुधाची, साखरेची व आल्याची सांगूं. नुसत्या पानाची चव आपल्यापैकीं पुष्कळांच्या जिभेला ठाऊकच नसते. अलीकडे शहरांतील उपाहारगृहांतून माचा नांवाचें हिरवें पेय मिळूं लागलें आहे, व तेंही स्ट्रॉबेरी, व्हॅनिला, आंबा असल्या स्वादांनीं मढविलेलें. विद्यार्थी तें हौसेनें पितात, आणि पालक त्याची किंमत ऐकून चकित होतात. ही वस्तु मूळची काय आहे, ती कशी करावी, व पेल्यांत पान किती आणि सोंग किती हें कसें ओळखावें, एवढें सांगण्याचा आमचा येथें विचार आहे.

काळा चहा, हिरवा चहा, ऊलाँग व माचा हे सर्व एकाच जातीच्या झाडाचे आहेत. वनस्पतिशास्त्रांत त्या झाडास कॅमेलिया सायनेन्सिस म्हणतात. पान खुडल्यावर त्याचें काय करतात ह्यावर मुख्य भेद अवलंबून असतो. पान चुरगाळून हवेंत ठेवलें तर तें सफरचंदाच्या फोडीप्रमाणें काळवंडतें; तो आपला नेहमींचा चहा. खुडल्यावर लगेच त्यास वाफ दिली किंवा कढईंत परतलें तर तें हिरवें राहतें. (आपला गवती चहा हें मात्र गवत आहे, नांवाच्या साम्यावर जाऊं नये.) 'माचा' ह्या शब्दांतील 'मा' म्हणजे दळलेला, आणि 'चा' म्हणजे चहाच. आपला 'चहा' हा शब्दही त्याच चिनी 'चा'चा वंशज आहे.

चहाची पूड करून ती वाडग्यांत घुसळून पिण्याची रीत मूळची जपानची नव्हे. ती चीनमध्यें सोंग घराण्याच्या काळीं भरभराटीस आली होती. एइसाई नांवाचा बौद्ध भिक्षु ११९१ सालीं चीनहून जपानास परतला. त्यानें चहाचें बीज बरोबर आणलें असें सांगतात, व पुढें १२११ सालीं त्यानें चहाच्या गुणांवर एक पुस्तक लिहिलें. चीनमध्यें १३९१ सालीं मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहानें दाबून केलेल्या वड्यांच्या रूपांत चहाचा नजराणा घेणें बंद केलें, सुट्या पानांचा चहा रूढ झाला, आणि घुसळण्याची रीत तेथें मागें पडली. जपाननें ती जपली. सोळाव्या शतकांत सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) ह्यानें तिला साधेपणाचें वळण लावलें. ह्याच सुमारास गोव्याच्या वाटेनें युरोपीय धर्मोपदेशक जपानांत जाऊं लागले होते. १५७९ सालीं तेथें पोहोंचलेले आलेस्सांद्रो वालिन्यानो ह्यांनीं तर आपल्या लोकांच्या निवासांतून पाहुण्यांसाठीं चहाची जागा राखून ठेवावी असें सांगितलें. परक्या देशांत त्या देशाच्या आतिथ्यानेंच वागावें हा त्यांतील विवेक आम्हांस मोठा वाटतो.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. माचाची गोडी सावलींत तयार होते. क्योतोजवळील ऊजी येथें ही विद्या फार जुनी आहे. खुडणीच्या आधीं सुमारें तीन आठवडे झाडांवर मांडव घालतात. पूर्वीं तो बोरूच्या तट्ट्यांचा व वर पेंढा पसरलेला असे. आतां बहुतेक ठिकाणीं काळें जाळें ताणतात. उजेड कमी झाला म्हणजे पान उरलेला उजेड टिपण्यासाठीं अधिक हरितद्रव्य करतें व गर्द हिरवें होतें. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. चहाच्या मुळांत थिअ‍ॅनिन नांवाचें एक द्रव्य होतें व तें पानांत चढतें. ऊन लागलें म्हणजे त्याचें बरेंचसें रूपांतर तुरट द्रव्यांत होऊन जातें. सावलींत तें रूपांतर मंदावतें. जपानी शास्त्रज्ञांनीं हें द्रव्य १९४९ सालीं ओळखलें. चांगल्या माचांत जी डाळीच्या कटासारखी भरीव, किंचित् गोडसर चव लागते तिच्यांत ह्या द्रव्याचा मोठा वाटा आहे. जपानी भाषेंत ह्या चवीस उमामी म्हणतात, आणि तें नांव किकुनाए इकेदा ह्या रसायनशास्त्रज्ञानें १९०८ सालीं रूढ केलें. गोड, आंबट, खारट व कडू ह्यांच्या जोडीस ही पांचवी चव आज शास्त्रानें मान्य केली आहे.

खुडलेल्या पानांस वाफ देऊन तीं न वळतां वाळवितात, देंठ व शिरा काढून टाकतात, आणि उरलेला गर दगडी जात्यावर दळतात. आपल्या आजीच्या जात्याचाच तो लहान भाऊ. परंतु त्याची चाल विलक्षण मंद असते. जोरानें फिरविल्यास दगड तापतो व पुडीचा रंग आणि वास दोन्ही बिघडतात. म्हणून एका जात्यावर तासाभरांत तीसचाळीस ग्रॅमच पूड निघते. किंमत एवढी कां, ह्याचें अर्धें उत्तर ह्या एका आंकड्यांत आहे. उरलेलें अर्धें मागणींत आहे. २०२४ सालच्या शरदांत मागणी इतकी वाढली कीं क्योतोकडील कांहीं जुन्या पेढ्यांनीं एका ग्राहकास किती डबे द्यावयाचे ह्यावर मर्यादा घातली. पुरवठा तोकडा व हौस अमर्याद असली म्हणजे हलकी पूड भारी नांवानें विकली जाते, हें व्यापाराचें जुनेंच रहस्य आहे.

करण्याची रीत कठीण नाहीं. सुमारें दोन ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा पूड, बारीक चाळणींतून रुंद वाडग्यांत चाळून घ्यावी. हें चाळणें टाळूं नये. पुडीच्या गाठी बनतात व त्या पाण्यांत फुटत नाहींत. पाणी उकळून मग निववावें. एका भांड्यांतून दुसऱ्यांत दोनदां ओतलें म्हणजे तें पुष्कळ उतरतें. ७० ते ८० अंशांचें पाणी हवें. (शाळेच्या प्रयोगशाळेंतील पाऱ्याचा उष्णतामापक पिण्याच्या पाण्यांत कधींही बुडवूं नये.) असें पाणी साठसत्तर मिलिलिटर, म्हणजे अर्धी वाटीही नव्हे, घालावें आणि बांबूच्या कुंचल्यानें घुसळावें. हा कुंचला बांबूच्या एकाच कांड्याचे बारीक काप करून केलेला असतो. जपानांतील नारा प्रांतांतलें ताकायामा हें गांव त्यासाठीं प्रसिद्ध आहे. तो आधीं कोमट पाण्यांत भिजवावा, म्हणजे काड्या मोडत नाहींत. ताक करतांना रवी जशी गरगर फिरवितों तसें येथें करूं नये. मनगट सैल ठेवून वेगानें मागें-पुढें हलवावें. पंधरावीस सेकंदांत फेस येतो. फेस किती यावा ह्याविषयीं तेथेंही एकमत नाहीं : ऊरासेन्के घराण्यास तो दाट लागतो, ओमोतेसेन्के घराण्यास थोडा. पूड विरघळत नाहीं, पाण्यांत तरंगत राहते, म्हणून केल्याबरोबर प्यावें. कुंचला नसल्यास झांकणाच्या बाटलींत थंड पाणी व पूड घालून खूप हलविलें तरी काम भागतें. गरम पाणी मात्र बंद बाटलींत हलवूं नये.

चाखणें हा निराळा धडा आहे. प्रथम पुडीची चिमूट पांढऱ्या कागदावर बोटानें ओढावी. रेघ टवटवीत हिरवी दिसावी. पिवळट किंवा मातकट दिसल्यास पूड जुनी, उजेडांत राहिलेली अगर हलक्या पानाची समजावी. वास कोंवळ्या गवताचा यावा, वाळल्या चाऱ्याचा नव्हे. मग घोट घेतांना तो किंचित् आवाज करून हवेबरोबर ओढावा. घरीं जेवतांना हा असभ्यपणा होईल, पण चहा पारखणारे लोक मुद्दाम असेंच करतात, कारण सुगंध नाकाच्या मागील वाटेनें वर चढतो व चवीचा मोठा भाग त्या सुगंधाचाच असतो. घोट गिळल्यावर थोडें थांबावें. कडूपणा लगेच ओसरून गोडी मागें राहिली तर माचा चांगला. मुलांनीं एक प्रयोग अवश्य करून पाहावा : एकच पूड तीन वाडग्यांत ७०, ८५ व उकळत्या पाण्यानें करावी, वाडग्यांच्या बुडाशीं खुणा कराव्या, मग तिन्ही सारखे कोमट होऊं देऊन अदलाबदल करावे आणि कोणता कोणता तें न पाहतां चाखून लिहावें. उकळत्या पाण्याचा वाडगा बहुधा सर्वांत कडू व तुरट लागेल. दुसऱ्याची वही पाहून लिहिलेली चव कांहीं कामाची नाहीं.

स्वादयुक्त चहा हा प्रकार मुळांतच खोटा, असें आम्ही म्हणत नाहीं. चीनमधील फूचौ येथें मोगऱ्याच्या जातीच्या कळ्या संध्याकाळीं हिरव्या चहांत मिसळतात. रात्रीं त्या उमलतात, पान सुगंध शोषून घेतें, फुलें वेचून काढतात, आणि हाच क्रम नव्या फुलांनीं अनेक वेळां चालतो. जपानांत भाजलेले तांदूळ घालून गेनमाइचा करतात. काश्मिरांतील काहव्यांत हिरव्या चहाबरोबर केशर, वेलदोडा व बदाम असतात. ह्या सर्वांत पानास सोबत मिळते, त्याचा आवाज बुजत नाहीं. बाजारांतील पुष्कळशा स्वादयुक्त माचाची गोष्ट मात्र वेगळी आहे. डब्यावरील घटकांची यादी वाचावी. आपल्या देशांतील नियमाप्रमाणें जो घटक प्रमाणानें सर्वांत जास्त तो आधीं लिहावा लागतो. यादींत साखर पहिली, दुधाची भुकटी दुसरी व माचा तिसरा असेल, तर आपण हिरव्या रंगाची साखर विकत घेत आहों हें उघड आहे. 'समारंभाच्या प्रतीचा' असे शब्द डब्यावर दिसले तरी त्यांस कायद्याची व्याख्या नाहीं. ज्यास स्वाद हवाच त्यानें साधा माचा आणून तो घट्ट घुसळावा व त्यांत ताजें दूध किंवा पिकल्या आंब्याचा रस स्वतः घालावा. दुधांतील प्रथिनें तुरट द्रव्यांस बांधून टाकतात, म्हणून मध्यम प्रतीची पूड दुधाबरोबर बरी लागते. उत्तम पूड मात्र दुधांत घालणें म्हणजे केशराच्या पाण्यानें अंगण सारवणें होय.

पालकांसाठीं दोन शब्द. माचांत पान गाळून टाकीत नाहींत, सबंध पोटांत जातें. दोन ग्रॅम पुडींत सुमारें साठ मिलिग्रॅम कॅफीन असतें. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें २०१५ सालीं मुलांसाठीं दिवसाकांठीं वजनाच्या दर किलोस तीन मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली. म्हणजे तीस किलो वजनाच्या मुलास नव्वद मिलिग्रॅम. एका वाडग्यांतच त्यांतील दोन तृतीयांश संपले, आणि घरचा चहा व चॉकोलेट अजून मोजावयाचें आहे. लहान मुलांस तो न देणें हेंच बरें. मोठ्या मुलामुलींनींही परीक्षेच्या रात्रीं जागण्यासाठीं त्याचा उपयोग करूं नये. शिवाय चहांतील तुरट द्रव्यें धान्य व पालेभाजींतील लोहाचें शोषण कमी करतात. म्हणून अशक्त मुलींनीं विशेषतः जेवणाबरोबर कोणताच चहा घेऊं नये, तासभर अंतर ठेवावें.

ज्यांस माचा परवडत नाहीं त्यांचें कांहीं अडत नाहीं. हिमालयाच्या पायथ्याशीं कांगड्याच्या खोऱ्यांत हिरवा चहा पिकतो. त्याचीं दोन ग्रॅम पानें मोठ्या पेल्यांत घालून वर ८० अंशांचें पाणी ओतावें, दोन मिनिटांनीं गाळावें, आणि आठ दिवस दूध-साखरेवांचून रोज तो एक पेला प्यावा. आठव्या दिवशीं कोणत्याही स्वादयुक्त माचाचा घोट घेऊन पाहावा. त्यांत पान आहे कीं नाहीं, हें जीभच सांगेल.