संगणकाचा पहारेकरी आणि वेगळी ठेवलेली वही

व्यापारी बंधूंनो, आपल्या वडिलांच्या काळी दुकानात चोर शिरला तर गल्ला जात असे, वही जात नसे. उधारीची वही चोराच्या काय कामाची? आज बिले, उधारी, जीएसटीचे हिशेब, पार्टींचे नंबर सगळे संगणकात आणि मोबाईलमध्ये आहे, आणि आजचा चोर नेमका वहीवरच हात टाकतो. तो ती नेतही नाही. जागच्या जागी कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. याला रॅन्समवेअर म्हणतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या पेढीत हे घडले. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने हिशेबाचे सॉफ्टवेअर फुकटात टाकून दिले होते. ते चालावे म्हणून त्याने अँटिव्हायरस बंद केला. पैसे वाचले म्हणून मीही काही विचारले नाही. एका सकाळी पाहतो तर सर्व फाईलींची नावे बदललेली, एकही उघडेना. बॅकअप होता, पण ज्या पेन ड्राइव्हमध्ये होता तो बारा महिने संगणकालाच लावलेला, त्यालाही कुलूप. दोन महिने मी आणि मुनीमजी छापील बिलांवरून उधारी पुन्हा मांडत बसलो. ज्या पार्टींनी आपली बाकी स्वतःहून सांगितली त्यांचे उपकार आहेत. काहींनी सांगितली नाही.

तेव्हा अँटिव्हायरस काय करतो ते आधी समजून घेऊ. आपण आलेला माल नमुन्याशी ताडून पाहतो, तसा तो प्रत्येक फाईल ओळखीच्या व्हायरसच्या नमुन्यांशी ताडून पाहतो. नवे व्हायरस रोज निघतात, म्हणून नमुन्यांची यादीही रोज नवी व्हावी लागते; मुदत संपलेला अँटिव्हायरस म्हणजे झोपलेला पहारेकरी. चांगला अँटिव्हायरस फाईलीचे वागणेही पाहतो. एखादा प्रोग्राम धडाधड शेकडो फाईली बदलू लागला तर त्याला अडवतो. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासूनच असतो. लहान दुकानाला तो चालू आणि ताजा ठेवला तरी बराच आधार आहे. विकतचा घेतला तर एकच घ्या, दोन एकत्र बसवले की एकमेकांशीच भांडतात. विंडोज १० च्या नेहमीच्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या, हेही ध्यानात असू द्या.

पण पहारेकरी कितीही जागा असला तरी चुकू शकतो. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून पसरला. तो कशातून आला? तिथल्या कंपन्या वापरत असलेल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे विश्वासाच्या दारातून! ज्या छिद्रांतून तो पुढे पसरला त्यांपैकी एकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती. मेअर्स्क या जगातील बड्या जहाज कंपनीचे काम ठप्प झाले. आपल्या न्हावाशेव्यात तिच्या समूहाकडून चालवले जाणारे टर्मिनलही त्यात सापडले. कंपनीला ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. खंडणी भरूनही फाईली परत मिळण्याची सोय त्या व्हायरसमध्ये नव्हती.

मेअर्स्क वाचली कशी, ते ऐकण्यासारखे आहे. साऱ्या जाळ्याची ओळखपाळख ठेवणाऱ्या तिच्या सर्व्हरांच्या जगभरातील प्रती पुसल्या गेल्या. एक मात्र घाना देशात शिल्लक राहिली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटला होता. ती डिस्क माणसाच्या हाती नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडला पोहोचवली गेली. आपण लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घातल्या. इथे त्यानेच कंपनी तारली.

आपल्याला मात्र वीज जाण्याची वाट पाहायची नाही. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एक दुकानात, एक घरी. संध्याकाळी लावावी, हिशेबाची प्रत काढावी, लगेच सोडवून कपाटात ठेवावी. आठवड्याने अदलाबदल करावी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, कारण न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

मोबाईलचे थोडे निराळे आहे. तिथे बहुधा आपणच दार उघडतो. २०२४ साली लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाईली फिरू लागल्या, वाहनाच्या चलनाच्या नावानेही फिरतात. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर तो प्रोग्राम आहे, बसवला की ओटीपी वाचू लागतो. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या, आणि ज्या फोनवर बँक आहे तो मुलांच्या खेळाला देऊ नका. "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे" अशी जाहिरात आली तर तीच बंद करा.

एक गोष्ट कोणताच अँटिव्हायरस पकडत नाही. सूतवाल्या पार्टीच्या नावाने ईमेल येतो की बँक खाते बदलले, आता या खात्यात पैसे टाका. यात व्हायरस नसतोच, नुसता कागद असतो. अशा वेळी ईमेलमधील नव्हे, तर आपल्या जुन्या वहीतील नंबरवर फोन करून विचारा. पैसे गेलेच तर लाजेने दोन दिवस गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधीच ती रोखता येते.